कुबड्या, व्हीलचेअर आणि दिवेआगरची ओहोटी

फेब्रुवारीत दिवेआगरला जाऊन आले आणि समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून आले. चालत्या-फिरत्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. पण कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर किंवा नुसते दुखरे गुडघे घेऊन जगणाऱ्यांना ठाऊक आहे की कोकणात जाणं वेगळं आणि पाण्यापर्यंत पोचणं वेगळं. निघण्याआधी मी खूप शोधलं. कुठे राहावं, मोदक कुठे चांगले मिळतात, हे सगळं मिळालं. कोरडी वाळू कशी ओलांडायची हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

माझं वय 51. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आणि दोन कुबड्या, यावर शिक्षण झालं, नोकरी झाली. गेली काही वर्षं मात्र खांदे बोलायला लागले आणि धडधाकट पायही लवकर थकायला लागला. पोलिओनंतर काही दशकांनी असा त्रास सुरू होतो, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याआधी ज्यांना तो होऊन गेला त्या आमच्यातले बरेच जण आता पन्नाशी-साठीत आहेत आणि आमचे नवे प्रश्न आता सुरू झाले आहेत. सध्या मी घरात कुबड्या वापरते, बाहेर व्हीलचेअर.

समुद्र मी पूर्वी पाहिला नव्हता असं नाही. कॉलेजच्या, ऑफिसच्या, घरच्या सहलींत अनेकदा गेले. प्रत्येक वेळी सुरूच्या सावलीत बसून सगळ्यांच्या चपला, पाकिटं आणि मोबाइल सांभाळले. कुबडीची रबरी टोपी कोरड्या वाळूत टेकवली की कुबडी वीतभर आत जाते, आणि बाहेर काढायला जोर लावला की तोल जातो. 'आम्ही उचलून नेतो' असं म्हणणारी माणसं नेहमीच असतात. त्यांचं मन चांगलं असतं. पण पन्नाशीच्या बाईला, चारचौघांत, चार जणांनी काखेत हात घालून उचलावं असं वाटत नाही. मला माझ्या खुर्चीवरून, शक्य तितकं माझ्या हातांनी जायचं होतं.

नोव्हेंबरात भाचीशी बोलताना विषय निघाला आणि तिनेच पहिला कामाचा प्रश्न विचारला, 'मावशी, आधी दिवस ठरवूया की जागा?' उत्तर निघालं, दिवस. वाळू अवघड असते ती वरची, कोरडी. भरतीचं पाणी जिथवर येऊन जातं तिथली ओली वाळू घट्ट बसलेली असते. दिवेआगरला तिच्यावरून मोटारसायकली आणि घोडागाड्या धावतात. म्हणजे ओहोटी लागलेली असताना गेलं तर कोरडा पट्टा तेवढा ओलांडायचा, पुढे मैदान मोकळं.

किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी जास्तीत जास्त मागे हटतं आणि घट्ट वाळूचा पट्टा सर्वांत रुंद होतो. अष्टमीच्या सुमारास उलट, भांग असतो: पाणी फार हटत नाही आणि ओहोटी येते ती भर दुपारी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून मी मोबाइलवरचं भरती-ओहोटीचं कोष्टकही ताडून पाहिलं. माघी पौर्णिमा 12 फेब्रुवारी 2025, बुधवार. शनिवार-रविवारी दिवेआगरला गर्दी उसळते, आठवड्याच्या मध्यात किनारा जवळजवळ रिकामा असतो. मंगळवार ते गुरुवार ठरलं.

राहायच्या जागेने सगळ्यात जास्त वेळ घेतला. 'खोली तळमजल्यावर आहे का?' असं विचारलं की सगळीकडे 'हो' येतं. पण कोकणातलं घर म्हणजे अंगणातून ओटीवर चढायला तीन-चार पायऱ्या, मग पडवी, मग दाराला उंबरा. तळमजला आहेच, पण जमिनीपासून हातभर वर. एका ठिकाणी खोली उत्तम होती आणि न्हाणीघराचं दार 22 इंच. माझी खुर्ची 25 इंच आहे. त्यामुळे पुढे मी प्रश्न बदलले. पायऱ्या किती आणि एकेकीची उंची किती, दार आतून आतून किती इंच, कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, न्हाणीत धरायला काही आहे का. आणि दाराला टेप लावून फोटो पाठवायची विनंती. काहींनी उत्तरच दिलं नाही. जिथून तासाभरात टेपसकट फोटो आले तिथे खोली घेतली. दोन पायऱ्या होत्या, त्यावर टाकायला यजमानांनी फळी शोधून ठेवतो म्हणून सांगितलं. खोलीचं भाडं एका रात्रीचं 1,800 रुपये, जेवण वेगळं.

जानेवारीत सामानाकडे वळले. व्हीलचेअरची मागची चाकं हवेची आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ट्यूब तपासून दिल्या. वाळूत हवा थोडी कमी ठेवायची, टायर पसरतं आणि कमी रुततं. येताना पुन्हा भरायला हातपंप बरोबर घेतला. समुद्राचं पाणी आणि वाळू कॅलिपरच्या गुडघ्याच्या कुलुपात गेली तर ते अडकतं आणि गंजतं, म्हणून कॅलिपर खोलीतच काढून ठेवायचं ठरवलं. याचा अर्थ किनाऱ्यावर मला उभं राहता येणार नाही. त्या दृष्टीनेच बाकीची आखणी केली. घडीची कमोड खुर्ची आधीपासून घरात होती, ती गाडीत टाकली. अशी साधी खुर्ची दोन-अडीच हजारांत मिळते आणि प्रवासातली निम्मी धास्ती कमी करते. कृपा करून वाटेत शौचालयाच्या भीतीने पाणी पिणं बंद करू नका. मी तरुणपणी अनेक वर्षं तसं केलं आहे आणि त्याचा त्रास शरीराला होतोच.

एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पण बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. म्हणून भावाची गाडी. मंगळवारी, 11 तारखेला, सकाळी साडेसहाला पुण्यातून निघालो. मी, भाऊ आणि भाची. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन. घाटात थांबण्यासारखी सोय जवळजवळ नाही, त्यामुळे एक थांबा घाटाआधी आणि एक माणगावात धरून चाला. माणगावच्या हॉटेलात कमोड होता, पण दाराशी दोन पायऱ्या आणि ओली फरशी. भाची आधी जाऊन फरशी कोरडी करून आली. कुबडीखाली ओली फरशी वाळूपेक्षा वाईट, हे सगळ्या कुबडीवाल्यांना माहीत आहे. साडेबाराला दिवेआगरला पोचलो.

पायऱ्यांवर फळी टाकलेली होती आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या, चाक घसरू नये म्हणून. हे मी सांगितलं नव्हतं. यजमानांची पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी होती. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तिची निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, असं काकू सांगत होत्या. त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले नाही. भाऊ आणि भाची वाट बघून आले. घरामागून सुरूच्या बनात जाणारी पायवाट टणक आहे, मात्र वादळात पडलेल्या झाडांचे बुंधे मध्ये राहिले आहेत आणि एका ठिकाणी मुळं वर आली आहेत. बन संपलं की कोरडी वाळू. भावाने पावलं मोजली, साठ-सत्तर भरली. त्यापुढे घट्ट.

रात्री जेवताना यावरच बोलणं चाललं. काकू म्हणाल्या, 'ताई, चार पोरं बोलावते, खुर्चीसकट उचलून नेतील.' मी त्यांना माझं म्हणणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, 'गोठ्यात झाप पडलेत की. पावसाळ्यात पडवीला बांधतो ते.' झाप म्हणजे नारळाच्या झावळीचं विणलेलं तट्टं. झाप खाली, वर मांडववाल्याकडचं हिरवं मॅटिंग, असं ठरलं. बोर्लीला मांडववाला आहे. दोन गुंडाळे दोन दिवसांसाठी 400 रुपये भाड्याने मिळाले. लग्नाचा दिवस नव्हता हे बरं.

बुधवारी सकाळी वेळ होता म्हणून गाडीतून कोंडिवली, आरवीकडून श्रीवर्धनच्या रस्त्याने फिरून आलो. ज्यांना वाळूत उतरणं नकोच असेल, ज्यांच्या घरात खूप थकलेली माणसं आहेत, त्यांनी हा रस्ता अवश्य करावा. आरवीजवळ तो समुद्राच्या इतका काठाने जातो की गाडीच्या खिडकीतून लाटेचा फेस दिसतो. आम्ही एका कडेला थांबलो, दार उघडं ठेवून तासभर बसलो. एवढ्यावर परतलो असतो तरी मला वाईट वाटलं नसतं.

चार वाजता निघालो. मी कॅलिपर काढलं, जुना सलवार-कमीज घातला, खुर्चीच्या पट्ट्याने कमरेला बांधून घेतलं. यजमान, त्यांचा पुतण्या, भाऊ आणि भाची. बनातल्या मुळांवर दोघांनी खुर्ची अलगद उचलली. इथे एक सांगते: मदत करणारा माणूस हमखास खुर्चीच्या हातांना किंवा पायटेकणीला धरतो. बऱ्याच खुर्च्यांचे हे भाग निघणारे असतात, हातात येतात आणि बसलेला माणूस पडतो. उचलण्याआधीच नीट सांगायचं की सांगाड्याला धरा, दोन पुढे, दोन मागे, आणि 'उचला' मी म्हणेन तेव्हा. आवाज थोडा चढवून सांगावं लागतं. त्यात उद्धटपणा नाही.

वाळूशी आल्यावर खुर्ची उलटी फिरवली. सरळ ढकलली की पुढची छोटी चाकं नांगरासारखी खाली जातात. पाठीमागे ओढली की मोठी चाकं आधी जातात आणि वाट सोपी होते. झाप पसरले, वर मॅटिंग. पहिला गुंडाळा संपला की दुसरा जोडायचा, मग पहिला उचलून पुढे न्यायचा. चाकांच्या कड्या मी हातांनी ओढत होते, मागून यजमान ओढत होते. वाटेत थांबलो, दम घेतला. मध्ये एकदा मॅटिंगला घडी पडून चाक अडलं. सगळं मिळून वीसेक मिनिटं लागली असतील. माझी पाठ समुद्राकडे होती, त्यामुळे पोचल्याचं मला आधी दिसलं नाही, चाकांना कळलं. खुर्ची एकदम हलकी झाली. ओली वाळू लागली होती. मी खुर्ची फिरवली आणि म्हटलं, आता कुणी हात लावू नका.

पुढचा तास मी स्वतः खुर्ची चालवली. सरळ, लांब, कुणाच्याही आधाराशिवाय. शहरातल्या फुटपाथवर मला एवढं सलग अंतर कधी मिळालेलं नाही. भाची शेजारून चालत होती आणि मुद्दाम काही बोलत नव्हती.

पाण्याजवळ सावध राहावं लागतं. लाट परतताना चाकाखालची वाळू ओढून नेते आणि उभी खुर्ची हळूहळू एका बाजूला कलते. ब्रेक लावून निवांत बसणं तिथे धोक्याचं आहे. घोट्यापर्यंतच पाणी, दोन्ही बाजूंना माणूस, आणि दर काही लाटांनंतर जागा बदलायची. मला मात्र वाळूवर बसायचंच होतं. त्यासाठी काकूंकडून पाट आणि चौरंग आणला होता. खाली फळी ठेवून खुर्चीवरून चौरंगावर, चौरंगावरून पाटावर, पाटावरून वाळूत, असं हातांवर भार घेत उतरले. चढताना हेच उलट क्रमाने. कुबड्यांवर वाढलेल्यांचे हात सहसा भक्कम असतात. खांदे दुखरे असतील तर मात्र प्रत्येक टप्प्यावर थांबा आणि बरोबरच्याला कमरेच्या पट्ट्याला धरायला सांगा.

पोलिओत हालचाल जाते, जाणीव जात नाही. अनेकांना वाटतं की माझ्या डाव्या पायाला काही कळत नसेल. त्याला सगळं कळतं. लाट आली, पावलावरून गेली, परतताना टाचेखालची वाळू सरकली, बोटांत बारीक शिंपल्याचा तुकडा टोचला. पाणी मला वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं. मी रडले, आणि मग बराच वेळ हसत होते. सूर्य साडेसहाच्या पुढे बुडाला. ओहोटी संपून पाणी वळायच्या आत निघायचं, हे आधीच ठरवलं होतं, त्याप्रमाणे निघालो.

आम्ही परतताना यजमानांचे चुलते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. काठीवर अंगणापर्यंत येतात. त्यांनी विचारलं, 'पाणी कुठवर होतं?' मी सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे बरंच हटलंय.' आजारानंतर त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. रात्रंदिवस त्यांना लाटांचा आवाज येतो, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. न्यायचं कसं हा प्रश्नच घरात कधी निघाला नव्हता.

गुरुवारी सकाळी सातला, ओहोटी अजून ताजी असताना, माझ्या खुर्चीवर तात्या गेले. मी ओटीवर थांबले, कारण खुर्ची एकच. पुतण्या आणि भाऊ त्यांना घेऊन गेले आणि दीड तासाने परत आले. तात्यांनी येताना वाटेतले वादळाचे बुंधे कुणाकुणाच्या वेळचे होते ते सगळं सांगितलं म्हणे. त्यांच्या सुनेने मला चहा दिला आणि बराच वेळ शेजारी बसून राहिली.

तात्यांकडे दिव्यांग प्रमाणपत्रच नव्हतं. भाचीने ओटीवर बसून मोबाइलवरून स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरला. आधार, फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा स्कॅन करून लागतो, तपासणीसाठी सरकारी रुग्णालय निवडावं लागतं, मग नोंदणी क्रमांक येतो. तो कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे सगळीकडे तोच विचारतात. तपासणी प्रत्यक्ष रुग्णालयात जाऊन होते. कार्डाचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्क्यांवर ठरतो: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. माझं पिवळं आहे.

नंतर अकरा वाजता मी, यजमान आणि त्यांचा पुतण्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे अनेकांना माहीत नसतं. तो निधी गावच्या दिव्यांगांसाठी आहे, म्हणून अर्ज गावकऱ्यांच्या नावे असावा. आमच्या अर्जावर पहिला अंगठा तात्यांचा आहे. मागणी दोनच: बनातल्या वाटेवरचे बुंधे काढणं आणि कोरड्या वाळूपुरता लाकडी, उचलता येणारा मार्ग. पक्क्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, म्हणून लाकडी. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये असा लाकडी मार्ग झाला. डिसेंबरात मांडूस वादळाने मोडला आणि पुन्हा दुरुस्त केला गेला. त्याचे फोटो अर्जाला जोडले. माझ्या युडीआयडीची प्रतही माहितीसाठी जोडली. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन ती परत घ्या. पंधरा मिनिटांत काम झालं. विषय 1 मेच्या ग्रामसभेत ठेवू असं सांगितलं, आणि पावसाळ्यात मार्ग उचलून कुठे ठेवायचा हे अर्जातच लिहा अशी सूचना केली. नारळी पौर्णिमेपर्यंत तो आपल्या गोठ्याच्या माळ्यावर राहील, असं यजमानांनी तिथल्या तिथे हाताने लिहून सही केली.

खर्च एकूण असा झाला: दोन रात्री खोली 3,600, तिघांचं जेवण-नाश्ता-मोदक साधारण 3,500, पेट्रोल 4,000 च्या आत, मॅटिंग 400. मदतीचे पैसे यजमानांच्या पुतण्याने घेतले नाहीत. त्याच्या मुलीसाठी खाऊ म्हणून दिले तेव्हा घेतले. घरी आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, बेअरिंगना ग्रीस लावून घेतलं. हे त्याच दिवशी करा, चार दिवसांनी चाक कुरकुरायला लागतं. खांदे आठवडाभर दुखले. दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवली होती, ती उपयोगी पडली.

2025 ची कार्तिकी पौर्णिमा 5 नोव्हेंबरला, बुधवारी. ओहोटी साडेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त सहानंतर लगेच, म्हणजे चारला बनातून निघावं लागेल. खोली सांगून ठेवली आहे, आणि या वेळी दुसरी व्हीलचेअर कुणाकडून तरी मागून नेणार आहे, तात्यांसाठी.